डाव्या खांद्याचं बक्कल

त्या सकाळी हेसलेच्या उतारावर इतकं दाट धुकं होतं, की यॉरिनला आधी बदकं ऐकू आली आणि मग त्यांच्यामागून चालणारी बाई दिसली. तिला दिसला तो चिलखत घातलेला एक उंच माणूस, उजव्या हाताने स्वतःचा डावा खांदा घट्ट धरून नदीकडे अर्धवट पळत निघालेला.

"लागलंय का काही?" तिने विचारलं.

"नाही... म्हणजे — बक्कल," तो म्हणाला. "मागचं. माझा हात तिथे पोचत नाही."

"मग थांबा की. पळून काय पोचणार आहे?"

तिने हातातली काठी बगलेत धरली, त्याला पाठमोरं वळवलं आणि पट्टा ओढून बक्कल लावलं. बोटं गार पडली होती तिची. मानेजवळ ती टेकली तेव्हा यॉरिन अंगभर शहारला, आणि चिलखताच्या आत हे कुणाला दिसत नाही याचं त्याला फार बरं वाटलं. तो आभार मानायला वळला, तोवर तिची बदकं पुढे गेली होती आणि त्यांच्यामागे तीही. कातडी अंगरखा, वेणीवर जमलेलं धुकं, आणि "चला गं, चला" असा आवाज. बस, एवढंच दिसलं.

या यॉरिनची हकीकत आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे खोळंबा नको. बेलहॉर्न हे आमच्या मुलखातलं बडं घराणं. किल्ला, कुरणं, शिकारी कुत्रे, सगळं भरपूर. फक्त धाकट्यापर्यंत येता येता ते संपलं होतं. थोरल्या रॉडमरला किल्ला मिळाला. मधल्या केस्ट्रनला राजाच्या वसंतातल्या स्वारीत घराण्याचं निशाण घेऊन घोडा काढायचा मान मिळाला. धाकट्या यॉरिनला शिलेदारीचा पट्टा बांधला, पाठीवर थाप मारली, आणि हेसलेच्या दगडावर पाठवून दिलं.

लूएन नदीच्या पलीकडच्या कड्यात एक ड्रॅगन राहते. बेलहॉर्नांच्या कुठल्याशा पूर्वजाने तिच्याशी करार केला होता. रोज उजाडताना त्या रक्ताचा एक माणूस पूर्ण चिलखत घालून नदीकाठच्या दगडावर उभा राहील. ती त्याला पाहील, आणि त्या दिवशी नदी ओलांडणार नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. एखादा पट्टा लोंबताना दिसला तर तिला तो करार मोडल्यासारखाच वाटे, आणि तिची नजर काही म्हातारी होत नव्हती. हेसलेत तिचं नाव कुणी घेत नाही. आम्ही तिला 'पलीकडची' म्हणतो. पलीकडची दिसली का आज, असं आपण शेजारणीबद्दल विचारावं तसं विचारतो.

काम म्हणाल तर एवढंच. उभं राहायचं. ती कड्याच्या तोंडाशी यायची, पिवळ्या डोळ्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळायची आणि आत निघून जायची. मग अख्खा दिवस समोर पडलेला असायचा, आणि दिवेलागणीपर्यंत चिलखत उतरवायची मुभा नव्हती. गावाबाहेरच्या दगडी बुरुजात यॉरिन एकटा राहायचा. सोबतीला होता म्हातारा नोकर बोर्गो, तोही कानाने ठार बहिरा. गावातले लोक त्याला वाकून नमस्कार करायचे आणि बाजूला व्हायचे. सहावा हिवाळा होता हा त्याचा, पण संध्याकाळच्या वेळी हेसलेतलं एकही घर त्याने आतून पाहिलं नव्हतं. बडे लोक आमच्या घरात येत नाहीत आणि आम्ही त्यांना बोलावत नाही. दिवे लागले की तो बुरुजाच्या खिडकीत बसायचा आणि एकेक दार बंद होताना बघायचा. एक दिवस किल्ल्यावरून बोलावणं येईल, आई म्हणेल ये रे आता घरी... यावरच तो जगत होता.

त्या धुक्याच्या सकाळच्या आदल्या दिवशी बोर्गोचे गुडघे अगदीच गेले, म्हणून यॉरिनने स्वतः त्याला गाडीत बसवून त्याच्या मुलीकडे पाठवलं होतं. "माझं मी बघतो," असं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. सगळे पट्टे आपले आपल्याला लावता येतात, फक्त डाव्या खांद्यामागचं ते एक बक्कल येत नाही, हे त्याला उजाडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं, तरी तो त्याच वेळी त्याच उतारावर जाऊन थांबला.

"आजही?" ती म्हणाली.

"आजही. तुम्हाला त्रास होत नसेल तर..."

"तुम्हाला! ऐकलंत का गं, मला तुम्ही म्हणतायत," ती बदकांना म्हणाली. "वळा, शिलेदार."

तिचं नाव तिल्दा. आई गेल्यापासून नदीकाठच्या शेवटच्या घरात एकटीच राहायची, अंडी आणि पिसं विकायची. तिच्या कळपातल्या म्होरक्या नराला यॉरिन बिलकूल आवडला नाही. तो मान लांब करून यायचा आणि यॉरिनच्या नडगीवरच्या पत्र्यावर चोच आपटायचा.

"त्याला तुमचं चिलखत पसंत नाही," तिल्दा म्हणाली.

"त्याला सांगा, मलाही नाही."

ती हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. यॉरिन दगडावर जाऊन उभा राहिला आणि पलीकडची येईपर्यंत त्याला ते खांदेच दिसत राहिले.

असं रोजचंच झालं. तो रोज थोडा लवकर यायचा आणि ती रोज थोडी सावकाश बक्कल लावायची. नवा नोकर पाठवा असा निरोप किल्ल्यावर धाडायचं यॉरिन रोज ठरवायचा आणि रोज विसरायचा. असं विसरणं आपल्यापैकी पुष्कळांना जमतं. आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, मग बदकांच्या, मग तिच्या आईच्या. तिची आई गाताना बेसूर व्हायची आणि तरीही गायची, हे तिने सांगितलं. आपल्याला मासा आवडत नाही आणि घरी हे कुणाच्या कधीच लक्षात राहिलं नाही, हे त्याने सांगितलं. हे त्याने याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातात कोमट अंडं ठेवलं. "मासा नाही," ती म्हणाली आणि चालू लागली.

दिवसाचा एवढा तुकडा छान जायचा. बाकीचा तसाच राहायचा, उलट आता तो जास्त लांब वाटायचा. संध्याकाळी चिलखत उतरवायची वेळ आली की त्याला सगळ्यात एकटं वाटायचं. लावता न येणारं ते बक्कल सोडायची एक युक्ती त्याने शोधून काढली होती. भिंतीत एक खिळा ठोकला होता. त्याला पाठ लावून पट्ट्याचं टोक अडकवायचं आणि गुडघे वाकवत हळूहळू खाली बसायचं, म्हणजे काटा भोकातून निसटायचा. रोज संध्याकाळी बेलहॉर्न घराण्याचा शिलेदार भिंतीला पाठ घासत जमिनीवर बसायचा आणि पत्रा खणकन पडायचा. त्यानंतर बुरुजात दुसरा आवाज नसायचा.

एकदा एक बदक हरवलं. दुपारभर दोघं लव्हाळ्यात शोधत फिरले. बारीक पाऊस लागला होता, चिखलात पाय रुतत होते, आणि यॉरिन इतका खुशीत होता की बदक सापडलं तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरलाच. दिवस कलला होता. परत फिरताना बुरुज समोर दिसला, तो खिळा आठवला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तिल्दा... संध्याकाळीही येशील?"

त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. ती थांबली.

"कशाला?"

"हे सोडायला," तो खांद्याकडे मान वळवून म्हणाला. "लावतेस तूच, मग सोडायलाही... एकट्याने सोडताना फार वाईट वाटतं गं."

तिचे कान लाल झाले. बदक छातीशी गच्च धरून ती वळली आणि जवळजवळ धावतच घरी गेली. यॉरिन पावसात उभा राहिला. काय चुकलं, याचा त्याला काडीचाही पत्ता लागेना.

दुसऱ्या सकाळी उतारावर कुणी आलं नाही. तो थांबला, आणखी थोडं थांबला. पूर्वेला उजळलं तेव्हा पट्टा तसाच लोंबता ठेवून तो दगडावर जाऊन उभा राहिला आणि खांद्याचा पत्रा उजव्या हाताने दाबून धरला. पलीकडची बाहेर आली. तिने पाहिलं. रोज ती पाहून वळायची, आज वळली नाही. मान खाली घालून तिने पुन्हा एकदा त्याच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, कड्यावरून सरसरत खाली उतरली आणि एक पाय नदीत ठेवला.

पाणी उकळल्यासारखं खदखदलं. काठावर जाळी सोडवणाऱ्या लोकांची पाचावर धारण बसली. कुणी हललं नाही की ओरडलं नाही. यॉरिन दगडावरून उतरला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं, धापा टाकत दगडावर चढलं, आणि ती गार बोटं त्याच्या मानेपाशी टेकली. पट्टा ओढला गेला. काटा भोकात बसल्याचं त्याला जाणवलं.

पलीकडची बराच वेळ दोघांकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, असं यॉरिनला वाटलं. तिला रोज भेटणारा माणूस तोच एक होता, आणि त्यालाही तीच. मग तिने पाय पाण्यातून काढला, झटकला आणि ती कड्याकडे परत गेली.

तिल्दाचे केस मोकळे होते आणि डोळे सुजलेले. "झोप लागली नाही रात्री. पहाटे डोळा लागला तो..." एवढंच म्हणून ती उतरून गेली.

यॉरिनला धरलं ते ब्रेतामावशीने. ही तिल्दाची शेजारीण, गावातली पाववाली. तोंडाने फटकळ, पण आजवर शिलेदाराशी बोलताना तीसुद्धा दबूनच असे. त्या दिवशी तिने ते सगळं बाजूला ठेवलं.

"काय विचारलंत आमच्या पोरीला?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

त्याने सांगितलं. मावशी त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग खाली पायरीवर बसली.

"अहो, नदीवर काम करणाऱ्या आमच्या सगळ्यांच्या अंगरख्याला हे असंच मागे बक्कल असतं," ती म्हणाली. "सकाळी ते कुणीही लावतं. शेजारी लावतो, वाटेने जाणारा लावतो, त्यात काही नाही. पण संध्याकाळी सोडतं ते फक्त घरचं माणूस. आई नाहीतर बायको, बाप नाहीतर नवरा. आमच्यात मागणी घालतात ती याच शब्दांत. संध्याकाळी सोडायला येशील का, म्हणून. दुसरं काही म्हणतच नाहीत."

यॉरिनचं तोंड कानापर्यंत तापलं. सहा हिवाळे तो या लोकांच्या बंद दारांकडे बघत बसला होता आणि दारांच्या आत काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं. तो तसाच तिल्दाच्या कुंपणापाशी गेला. म्होरका नर फिसकारत आला, पण आज त्याच्याकडे बघायलाही यॉरिनला सवड नव्हती.

"तिल्दा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. खरंच. मी तसं काही... तसं मला म्हणायचं नव्हतं."

ती दाणे टाकत होती. हात थांबला. तिचा चेहरा पडला आणि तिने तो लगेच सावरला, पण यॉरिनने पाहिलं होतं.

"अस्सं," ती म्हणाली. "माहीत नव्हतं."

"मावशींनी आत्ता सांगितलं."

"मी रात्रभर बसून उत्तर ठरवलं, शिलेदार. आधी 'नाही' ठरवलं, मग 'हो' ठरवलं, मग भीती वाटली, मग पुन्हा 'हो' ठरवलं. आणि तुम्ही विचारलंच नव्हतं."

"तिल्दा —"

"सकाळी लावीन मी बक्कल. पलीकडची थांबते, तेवढ्यासाठी. बाकी काही बोलू नका माझ्याशी."

आणि तिने शब्द पाळला. रोज यायची, वळा म्हणायची, बक्कल लावायची, जायची. बोटं तीच होती, पण आता ती मानेला टेकत नसत. यॉरिन मनात वाक्यं जुळवून आणायचा आणि तिची काठी दिसली की सगळी विसरायचा. तिला काय सांगायचं? मला म्हणायचं नव्हतं, पण आता म्हणायचंय? धाकट्या मुलाकडे काय असतं देण्यासारखं... एक बुरूज, तोही थोरल्या भावाचा. तो खिडकीत बसून तिच्या घराचा दिवा विझेपर्यंत बघायचा, आणि उद्या नक्की बोलू म्हणून झोपायचा. कसला बोलतोय. धीटपणाच्या बाबतीत ड्रॅगनसमोर उभं राहणं वेगळं आणि बाईसमोर वेगळं, हे त्याला त्या दिवसांत चांगलंच समजलं.

बर्फ वितळायला लागलं आणि किल्ल्यावरून स्वार आला. केस्ट्रन घोड्यावरून पडला होता, पाय मोडला होता. वसंताच्या स्वारीत निशाण घ्यायला यॉरिनने ताबडतोब घरी यावं. दगडावर उभा राहायला चुलतभाऊ राडुल्फ येतो आहे, सोबत त्याचे नोकरचाकर आहेत. स्वाराने हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं आणि अभिनंदन केलं. यॉरिन हसला. ज्या बोलावण्यासाठी इतकी वर्षं जीव टांगणीला लावला होता ते आलं होतं, आणि आत आनंद कुठे सापडेना.

शेवटच्या सकाळी त्याने तिल्दाला सांगितलं.

"मग जा की," ती म्हणाली. "हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हो... हवं होतं."

"वळा."

तिने पट्टा ओढला. रोजच्यापेक्षा एक भोक जास्त घट्ट. मग हात काढून घेतला नाही.

"तिकडे सोडायला खूप माणसं असतील," ती मागूनच म्हणाली.

"असतील."

"बरं आहे."

बदकं उतारावरून खाली गेली, त्यांच्यामागे तीही. या वेळी धुकं नव्हतं, त्यामुळे ती पार वळणापर्यंत दिसली. एकदाही मागे वळली नाही.

दुपारी राडुल्फ आला. यॉरिनने बुरुजात जाऊन चिलखत उतरवलं. छाती, हात, पाय, सगळं काढून पेटीत ठेवलं. मग खिळ्याला पाठ लावायला गेला आणि तिथेच उभा राहिला. ते बक्कल तिने लावलं होतं. भिंतीकडून सोडवून घ्यायला त्याचा जीव होईना. शेवटी डाव्या खांद्यावर तेवढा एक पत्रा ठेवून, वरून झगा पांघरून तो घोड्यावर बसला. राडुल्फच्या नोकरांनी एकमेकांकडे पाहिलं.

किल्ल्यावर दिवे, माणसं, वाद्यं, सगळं होतं. आई पुढे आली, त्याच्या गालाला हात लावला, "वाळलास," म्हणाली, आणि लगेच तिला कुणीतरी जेवणघराचं काही विचारायला बोलावलं. त्याच्या खोलीत नोकर उभे होते. एकाने बूट काढले, दुसरा खांद्याकडे वळला.

"ते राहू दे," यॉरिन म्हणाला.

"सोडतो ना, धनी. एका क्षणाचं काम."

"राहू दे म्हटलं."

नोकराचा काहीच दोष नव्हता. इथे हात पुष्कळ होते. कुणाचाही चालला असता, आणि नेमकं तेच यॉरिनला सोसवेना. तो तसाच जेवायला गेला. समोर मासा आला. रॉडमरने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की धाकट्यांना जेवतानासुद्धा लढाईची भीती वाटते का, आणि पंगत खो खो हसली. यॉरिनही हसला. तो आला त्याचं कुणाला वाईट वाटलं नव्हतं, सगळे त्याच्याशी नीटच वागत होते. पण निशाण कसं धरायचं, घोडा कुठला घ्यायचा, झग्याचा रंग कोणता... याखेरीज कुणी त्याला काही विचारलं नाही. भरल्या पंगतीत बसून त्याला बुरुजातल्यासारखंच एकटं वाटलं, आणि बुरुजात निदान सकाळ व्हायची वाट बघता यायची.

सकाळी तो रॉडमरकडे गेला आणि मी हेसलेला परत जातो म्हणाला. रॉडमरला आधी ती थट्टा वाटली.

"स्वारी तोंडावर आलीय. निशाण कोण घेणार?"

"राडुल्फला बोलाव. त्याला आवडेल."

"तिथे काय आहे रे? दगड आणि चिखल."

"आणि एक माणूस आहे," यॉरिन म्हणाला. "मला तिला काहीतरी विचारायचंय. एकदा विचारलं होतं, पण चुकून."

रॉडमर गंभीर झाला. "यॉरिन, आता गेलास तर पुन्हा बोलावणं यायचं नाही. मी सांगून ठेवतो. म्हातारा होईपर्यंत त्या दगडावर उभा राहशील."

यॉरिनला वाटलं होतं की हे ऐकून आत कुठेतरी तुटेल. काही तुटलं नाही. तो आईचा निरोप घ्यायला गेला. ती त्याच्या खांद्यावरच्या पत्र्याकडे बराच वेळ बघत राहिली, काहीतरी विचारणार होती, मग विचारलं नाही. "थंडीचं जप," ती म्हणाली. घोड्यावर बसल्यावर त्याने वर पाहिलं तेव्हा ती खिडकीत होती. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तिथेच होती.

वाटेभर पाऊस लागला. पट्टा भिजला, काचला, खांदा सोलवटून निघाला. झोपताना कुशीवर वळता येईना. तरी त्याने हात लावला नाही.

हेसलेला तो पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. पलीकडची कड्यातून मान बाहेर काढून बसली होती, तिची नेहमीची वेळ सोडून. त्याला पाहून तिने नाकातून धूर सोडला आणि आत गेली. यॉरिन बुरुजाकडे वळलाच नाही. नदीकाठच्या शेवटच्या घराचं दार बंद होण्याआधी तो कुंपणापाशी उतरला. म्होरका नर मान लांब करून धावत आला, आणि नडगीवर पत्रा नाही हे बघून त्याने चांगलाच चावा घेतला.

ओरडणं ऐकून तिल्दा दारात आली. अंगात कातडी अंगरखा, हातात परडी.

"हे..." यॉरिन म्हणाला. सगळी वाक्यं पुन्हा पळाली होती. त्याने झगा बाजूला केला. "हे अजून तसंच आहे."

ती हळूहळू जवळ आली. त्याला वळवलं. पट्टा पाहिला, तेच भोक, तोच पीळ. मग तिची नजर सोललेल्या कातडीवर गेली.

"कुणी हात नाही लावला?"

"लावू दिला नाही."

"वेडेच आहात."

"तिल्दा, त्या दिवशी मला माहीत नव्हतं," तो तसाच पाठमोरा म्हणाला. पाठमोरं बोलणं त्याला जरा सोपं गेलं. "आज माहीत आहे. मावशींना पुन्हा विचारायची गरज नाही. घरचं बोलावणं मी सोडून आलोय, ते आता परत यायचं नाही. माझ्याकडे दगड आहे, बुरूज आहे, तोही माझा नाही. संध्याकाळी... सोडायला येशील? आजची नाही फक्त. रोजची."

मागे परडी खाली टेकल्याचा आवाज आला. यॉरिनला वाटलं, गेली आत. मग ती गार बोटं त्याच्या मानेला टेकली.

"आत या," ती म्हणाली. "हे भिजून आवळलंय. असं नाही सुटायचं."

सहा हिवाळ्यांत पहिल्यांदा तो संध्याकाळच्या वेळी हेसलेतल्या एका घरात शिरला. चुलीपाशी उजेड होता, पिसांचा वास होता. तिने त्याला स्टुलावर बसवलं, वाटीतून बदकाची चरबी घेतली आणि पट्ट्याला चोळत बसली. काटा हलेना. तिने नखाने ओढला, मग दातांनी, मग त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून हसायला लागली. खांदे हलत होते, आणि यॉरिनच्या मानेवर काहीतरी ओलं पडलं. शेवटी काटा निसटला. पत्रा पडणार तोच तिने तो हातात धरला आणि आवाज न करता खाली ठेवला.

यॉरिनने डोळे पुसले आणि मान वर केली. तेव्हा त्याला चुलीच्या बाजूची भिंत दिसली. खांद्याच्या उंचीवर एक खिळा ठोकलेला होता. त्याच्याखाली, बसायच्या उंचीपर्यंत, भिंतीचा चुना पाठीने घासून गुळगुळीत झाला होता.

तो त्या खिळ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"आई गेल्यापासून," ती म्हणाली. "मला वाटायचं, असं करणारी मी एकटीच."

यॉरिन उठला. "वळ," तो म्हणाला.

ती वळली. त्याने कातडी अंगरख्याचं बक्कल चाचपडलं. आयुष्यात त्याने दुसऱ्याचं बक्कल कधी सोडलं नव्हतं. बोटं जाडजूड, उजेड कमी. पट्टा उलट्या बाजूने ओढला, काटा आणखीनच रुतला.

"घाई नाही," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "सावकाश होऊ दे."

बाहेर एकेक दार बंद होत होतं. थोड्या वेळाने ब्रेतामावशी पाव द्यायला आली, तिने उघड्या दारातून आत पाहिलं, पाव पायरीवर ठेवला आणि ते दारही हलकेच ओढून घेतलं.